पाचवं प्रकरण

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाची चार प्रकरणं लिहून झाली होती. पाचवं तेवढं राहिलं होतं, निष्कर्षाचं. दुखवट्याला आलेल्या माणसांना ह्याच्याशी काय देणंघेणं? पण अब्बा प्रत्येकाला तेच सांगत बसले. शेजारच्या बाया डोळ्याला पदर लावून म्हणायच्या, "अजून लग्न बी व्हायचं होतं वो पोरीचं." अब्बा मान हलवायचे आणि म्हणायचे, "एकच बाब बाकी था." बाब म्हणजे प्रकरण. बायांना काही कळायचं नाही, त्या आणखी रडायच्या. एवढ्या रडारडीत मला मात्र राग यायचा. कुणाचा ते कळायचं नाही, पण यायचा.

आमचं घर उस्मानपुऱ्यात. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. आम्हाला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही. वाटायचं ते बाहेरच्यांना. अब्बा कचेरीत कारकून. पोलीस ॲक्शन होऊन जुनं राज्य गेलं तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते आणि कचेरीचं सगळं काम उर्दूत चालायचं. पुढं बघता बघता कचेरी मराठी झाली, आणि मिशा फुटलेला माणूस बाराखडीचा तक्ता घेऊन बसला. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांना लई हसले लोक. एक साहेब तर त्यांचा मसुदा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचा. अब्बा हे तक्रारीच्या सुरात कधी सांगत नसत. पण आम्हा दोघी बहिणींना त्यांनी मराठी शाळेत घातलं. मोहल्ल्यात कुजबुज झाली, "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" अब्बांनी कानावर घेतलं नाही.

मी डी.एड. करून मुकुंदवाडीच्या शाळेत बाई म्हणून लागले आणि दोन गल्ल्या सोडून सासरी गेले. धाकटी थांबायला तयार नव्हती. इतिहासात एम.ए., पहिला वर्ग, मग कॉलेजात तासावर शिकवणं, मग पीएच.डी., तीही मराठीतून. अब्बांना ह्यातलं 'मराठीतून' एवढंच ऐकू आलं. पोरगी डॉक्टर झाली की दारावर तिच्या नावाची पाटी लावायची, मोठ्या मराठी अक्षरात, आणि त्या जुन्या साहेबाला चहाला बोलवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. साहेब जिवंत आहे की नाही ह्याचा पत्ता नव्हता. अब्बांचं ठरलं होतं.

तिचा विषय होता शहरातले जुने हौद. पूर्वी नहरीचं पाणी जमिनीखालच्या नळांतून मोहल्ल्या-मोहल्ल्यात यायचं आणि हौदात पडायचं. कोणत्या हौदावर कोण पाणी भरत होतं, कोणत्या वेळी, कुणाला मनाई होती, हे तिला शोधायचं होतं. आता बहुतेक हौद कोरडे ठाक. एकाला टेकून पंक्चरचं दुकान, एकात सगळ्या मोहल्ल्याचा कचरा. रविवारी ती मला ओढून न्यायची. टेपचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. दोन बाया नाकाला ओढणी लावून कचऱ्याचा हौद मोजतायत म्हटल्यावर रिक्षावाले थांबायचे. "बाई, प्लॉट पडणार का इथं?" ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "नाय दादा, प्रबंध पडणार आहे." आणि मग टेपच्या त्या टोकाला खांदे हलवत हसायची.

शुद्धलेखन माझं पक्कं, म्हणून लिहिलेलं ती मला दाखवायची. एकदा मी म्हटलं, "आण इकडं, एका हौदाचं वर्णन मी लिहिते." निबंध शिकवण्यात माझी हयात चाललेली, मला काय अवघड? लिहिलं झोकात. निळंशार पाणी, पाणवठ्यावरची लगबग, काळाच्या ओघात हरपलेलं वैभव. ती वाचून इतकी हसली की अम्मा स्वयंपाकघरातून बघायला आली.

"आपा, निळंशार कुणी बघितलं? तू?"

"अगं, पाणी निळंच असतं."

"मग ज्यानं बघितलं त्याचं नाव, वय, मोहल्ला खाली तळटिपेत दे. मग ठेव."

"आणि वैभव?"

"वैभवाला पुरावा नाय. लांबी-रुंदी आहे, ती लिही."

तेव्हा मी फणकारले. पण तिनं मला धरून बसवलं आणि प्रबंध कसा उभा राहतो ते समजावलं, मी पहिलीच्या पोरांना समजावते तसं. पहिल्या प्रकरणात सांगायचं की आपण काय शोधायला निघालो आणि का. दुसऱ्यात, आपल्या आधी कोण कोण ह्या वाटेनं गेलं, त्यांना काय सापडलं आणि ते कुठं थांबले. हे मानानं सांगायचं, कुणाची टर उडवायची नाही. तिसऱ्यात आपण कसं बघितलं आणि काय दिसलं. चौथ्यात, जे दिसलं त्याचा अर्थ. दुसऱ्याचं वाक्य अवतरणात ठेवायचं आणि कुणाचं ते खाली लिहायचं, नाही तर ती चोरी. पक्कं ठाऊक असेल तिथं 'आहे' लिहायचं. पुरावा तोकडा असेल तिथं 'असावे'. पुरावाच नसेल तिथं तोंड बंद ठेवायचं.

"बाई गं, मग माणूस लिहिणार काय?" मी कपाळावर हात मारून घेतला.

"लई उरतं आपा, तू बघ," ती म्हणाली, आणि माझं निळंशार पाणी फाडून टाकलं.

पावसाळा संपता संपता तिला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले तरी चौथ्या प्रकरणाच्या तळटिपा लावत बसली होती. अम्मा कागद ओढून घ्यायची, ती उशीखालचे दुसरे काढायची. दवाखान्यात नेलं, सगळ्यांनी शर्थ केली. गेली. ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही आणि मी लिहिणारही नाही. लोक म्हणायचे, अल्लाची मर्जी. असेल मर्जी. पण कुणी सांगितलं? कुठं लिहिलंय? कोणत्या पानावर? मी मनातल्या मनात तिच्यासारखी भांडायची. रडू यायचं तेही संतापानंच यायचं.

चाळिसाव्या दिवसाच्या आधी तिचे मार्गदर्शक सर आले. उंच, वाळका माणूस, बोलणं मोजूनमापून. खेड्यातून, शेतकऱ्याच्या घरातून वर आलेले. गुडघ्यावर हात ठेवून बसले. म्हणाले, "काम झाल्यातच जमा होतं साहेब. निष्कर्ष तेवढे राहिले."

बिचारे, सांत्वन म्हणून बोलले. पण अब्बा ताठ बसले. जन्म कचेरीत काढलेला माणूस. त्यांच्या लेखी फायलीत एक कागद कमी असेल तर तो लावायचा, फाईल पुढं पाठवायची आणि मंजुरीची वाट बघायची. त्यांनी विचारलं, "एक बाब लिख दिया तो पुरा हो जाता क्या?"

सर गोंधळले. "तसं... लिहिलं तर पुरा होईल," म्हणाले.

प्रबंध पुरा होईल असं ते म्हणाले. पदवी मिळेल असं म्हणाले नव्हते. हा फरक माझ्या डोक्यात फार उशिरा शिरला. अब्बांच्या डोक्यात तो कधीच शिरला नाही. सरांना दारापर्यंत पोचवून ते परत आले आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तू लिख."

"अब्बा, मी? मी प्राथमिकची बाई!"

"तू उसके साथ हौद नापी ना? बस. तू लिख."

पुढची उन्हाळी सुट्टी मी तिच्या टेबलाशी काढली. सकाळी सासरचं आवरायचं, अकराच्या उन्हात माहेरी यायचं, तिच्या खुर्चीत बसायचं. अम्मा पंखा माझ्याकडं वळवून ठेवायची आणि आत जायची. पहिल्या खेपेला मी पानामागून पानं लिहिली. सर घरी बोलवायचे. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन वाचायला सुरुवात केली, आणि मग पेन्सिल खालीच ठेवली.

"बाई, वाचताना मला रडू यायला लागलं," ते म्हणाले. "म्हणजे हे चुकलंय."

मग त्यांनी समजावलं. निष्कर्षात नवीन काही आणायचं नसतं. मागच्या चार प्रकरणांत जे ठरलं ते इथं एकत्र यायचं. सुरुवातीला जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं इथं त्याच क्रमानं द्यायची, आणि उत्तर मिळालं नसेल तर तसं सांगायचं. मागं ज्याला आधार नाही असं एक वाक्यसुद्धा चालत नाही. मी काही लिहिलं की ते विचारायचे, "ह्याला मागचं पान दाखवा." पान सापडलं नाही की रेघ. माझी अर्धी पानं लाल होऊन परत यायची. सासरी नवरा विचारायचा, "आज किती मार्क?" मी ताट आपटायची.

मागची पानं शोधायची म्हणून मी तिची चारी प्रकरणं इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. आणि अहो, काय सांगू, तेव्हा मला माझी बहीण कळली. एका हौदावर एका वस्तीतल्या बायांना पाणी भरायला दुपारचीच वेळ द्यायचे. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांची. ह्यावर तिनं लिहिलं होतं, की उन्हाळ्यात त्या वेळी हौदाभोवतालची फरशी अनवाणी पायांना सोसण्यासारखी नसावी. बस, एवढंच. मी असते तर पानं भरून आग ओकली असती. तिनं एक 'नसावी' लिहून सोडून दिलं, आणि ते वाचताना मी खुर्चीत पाय वर घेतले. त्या फरशीवर ती स्वतः चप्पल काढून उभी राहिली होती, मे महिन्यात. मी समोर होते. मी म्हटलं होतं, "वेड लागलंय का तुला?" प्रबंधात त्याचा उल्लेख नाही.

हळूहळू मला जमायला लागलं. विशेषणं आपोआप गळाली. वाक्य लिहायच्या आधी मला तिचा आवाज ऐकू यायचा, कुणी बघितलं आपा, आणि मी तिथंच थांबायची. अभ्यासाच्या मर्यादा लिहिल्या: काही मोहल्ल्यांतल्या म्हाताऱ्या बाया बोलायला तयार झाल्या नाहीत; काही हौद बुजले, त्यांची मापं मिळाली नाहीत. हे लिहिताना काही वाटलं नाही. मग सर म्हणाले, "आता शेवटचा भाग. पुढील संशोधनाच्या दिशा. पुढं काय करता येईल ते संशोधकानं सांगायचं असतं."

पुढं? तिचं पुढं?

टेप गुंडाळताना ती मला सांगायची की हे संपलं की खुलताबादेकडच्या विहिरी धरायच्या, आपा, तू सुट्टी काढून ठेव. मी ते सरांना सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्या बैठकीत हमसून हमसून रडले. सरांच्या बायको आतून पाणी घेऊन आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सर खिडकीकडं बघत बसले होते, त्यांचाही चष्मा हातात होता. शेवटी लिहिलं: खुलताबाद परिसरातील विहिरींचा याच पद्धतीने अभ्यास करता येईल. कोण करील ते लिहायचं नसतं.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला पाचवं प्रकरण झालं. सरांनी शेवटचा खर्डा वाचला आणि पेन्सिल उचललीच नाही. म्हणाले, "बाई, चौथं कुठं संपलं आणि पाचवं कुठं सुरू झालं, मला सांगता येणार नाही." मला इतका आनंद झाला की घरी जाताना रस्त्यात एकटीच हसत होते. आमचं चुकलं ते इथं. ते प्रकरण तिचं वाटावं म्हणून आम्ही जीव काढला, आणि ते तिचं नव्हे, ही साधी गोष्ट आम्ही सगळे विसरलो. मी विसरले, अब्बा विसरले, आणि इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिस्त लावणारे सरसुद्धा विसरले. का त्यांना बोलायचा धीर झाला नसावा, कोण जाणे.

क्रांती चौकात एक टायपिंगवाला होता, प्रबंधांचीच कामं करायचा. अब्बा रोज त्याच्याकडं जाऊन स्टुलावर बसायचे. तो म्हणायचा, "चाचा, तुम्ही बसल्यानं मशीन पळत नाय." अब्बा उठायचे नाहीत. प्रकरणं संपल्यावर तो म्हणाला, "आता सुरुवातीची पानं." ती त्याला तोंडपाठ. मुखपृष्ठ, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, संशोधकाचं प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. त्यानं ठरलेला मजकूर टाकला, तिचं नाव घातलं आणि सगळा गठ्ठा अब्बांच्या हातात दिला. अब्बा तो घेऊन आधी सरांकडं गेले. सर पहिली पानं उलटता उलटता थांबले. इथं उमेदवाराची सही लागते, म्हणाले. ती जिवंत असताना काम सादर झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. "माझ्या आधी लक्षात यायला पाहिजे होतं साहेब," म्हणाले, आणि त्यांना पुढं बोलता येईना. त्यांच्या प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली नाही.

मला हे काही माहीत नव्हतं. मी शाळेतून परस्पर माहेरी आले, तर अब्बा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेले. अम्मा बाजूला तांदूळ निवडत होती. अब्बांनी एक पान काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"यहाँ दस्तखत कर."

"माझी?"

"उसकी. तारीख पीछे की डाल, बीमार पडने के पहले की. कौन पूछता?"

साहेबानं डोळे वटारले तरी ज्या माणसानं कधी मागची तारीख टाकली नाही, बढती हुकली तरी टाकली नाही, तो माणूस हे म्हणत होता. "तेरा उसका अक्षर एकच है," ते म्हणाले. ते खरंच होतं. तिला अक्षर मीच शिकवलं होतं, तिचा हात हातात धरून. तिच्या सहीखालची लपेटीसुद्धा माझीच होती.

मी पेन उघडलं. खोटं कशाला सांगू, सही करायचीच म्हणून उघडलं. अब्बांसाठी काय पण केलं असतं त्या दिवशी. पण सही करायच्या आधी वाचायची सवय, तीही त्यांनीच लावलेली. वाचलं. मी असे प्रतिज्ञापूर्वक जाहीर करते की, प्रस्तुत प्रबंध मी स्वतः लिहिलेला आहे.

आता बघा, प्रबंधात 'मी' लिहायचं नसतं. चारी प्रकरणांत ती कुठंच 'मी' नाही. हौद मोजले ते प्रस्तुत संशोधकाने. म्हाताऱ्यांच्या दारात तासन् तास बसली ती प्रस्तुत संशोधक. आभार मानताना येतो तो सोडला, तर 'मी' म्हणायची मुभा ह्या एका पानावर मिळते. इतकी वर्षं उन्हातान्हात राबल्यावर तो शब्द तिच्या वाट्याला यायचा होता. तिनं तो म्हटला नाही. म्हणायला ती राहिली नाही. आणि तो तिच्या जागी मी लिहायचा? माझा हात कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. मी पेनला टोपण लावलं.

"अब्बा, हे माझ्याच्यानं होणार नाय."

"क्यूं?"

"पाचवं तिनं नाय लिहिलं. मी लिहिलं."

"तू और वो अलग है क्या?"

मी म्हटलं, "अब्बा, तिनं मला एक शब्द पुराव्याबिगर ठेवू दिला नाय. तिच्या नावावर मी हे कसं ठेवू? सांगा ना तुम्हीच."

अब्बांनी पान माझ्या हातातून काढून घेतलं. मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तेरेकू उसकी जलन थी क्या?"

अम्माचे हात तांदळात थांबले. "अजी, क्या बोल रहे तुम!"

नव्हती. अल्लाशपथ नव्हती. आपण पुढं शिकलो नाही ह्याचं कधीमधी मला वाईट वाटलं असेल, माणूसच आहे, पण तिच्यावर माझा जीव होता. हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. चपला घातल्या आणि सासरी आले, आणि त्या रात्री नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

टाईप केलेला गठ्ठा अब्बांनी कपाटात वर टाकला. सरांनी तिच्या हातची चार प्रकरणं मागून नेली, पाचवं घेतलं नाही. मला म्हणाले, "सहीबद्दल मला विचारलं असतंत तर काय सांगितलं असतं, माझं मलाच ठाऊक नाही बाई." दारावर पाटी लागली नाही. आणि अब्बा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मी गेले की ते अम्माला म्हणायचे, "उसकू पूछो, चाय लेती क्या." मी तिथंच, समोर. ईदला मी सलाम केला की मान हलवायचे आणि नजर दुसरीकडं. माझी बहीण गेली होती आणि बापही गेल्यातच जमा झाला. त्यांचं दुःख मला दिसत होतं म्हणून मी चिडूही शकत नव्हते, आणि न चिडता इतकं सोसायची मला सवय नव्हती.

अशी वर्षं गेली. मग अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, डोळ्यांत मोतीबिंदू होताच, बोलणं जड झालं. कधी कधी जुन्या गोष्टींत आणि आजच्या गोष्टींत त्यांची गल्लत व्हायची. मी शाळा सुटली की येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायला लागले. नको असं ते म्हणाले नाहीत. ऐकायचे. पुरे झालं की डावा हात वर करायचे. तेवढाच आमचा संवाद.

एक दिवस सरांनी टपालानं एका संशोधन पत्रिकेचा अंक पाठवला. त्यात त्यांचा लेख होता, शहराच्या जुन्या पाण्यावर. पेपर वाचून झाल्यावर मी तो हातात घेतला, चाळायला लागले, आणि एका पानाच्या तळाला तिचं नाव दिसलं. तळटीप होती. सरांनी तिची मापं वापरली होती आणि रीतीप्रमाणं खाली नोंद दिली होती. आडनाव आधी, मग नाव, मग प्रबंधाचं शीर्षक, मग 'पीएच.डी.साठीचा अपूर्ण, अप्रकाशित प्रबंध', मग प्रकरण तिसरं. सगळं जसं असायला पाहिजे तसं. एका अक्षराची चूक नाही.

मी "अब्बा" म्हणून हाक मारली. "छोटीचं नाव छापून आलंय. पुस्तकात."

त्यांनी मान वळवली. "पढ."

मी वाचलं. आडनाव, नाव, शीर्षक. पीएच.डी.साठीचा प्रबंध, प्रकरण तिसरं. मधले दोन शब्द मी वाचले नाहीत.

"फिरसे पढ."

पुन्हा वाचलं, पुन्हा तसंच. त्यांचे ओठ माझ्या मागोमाग हलत होते. प्रबंध ह्या शब्दावर ते थांबले, तो त्यांनी दोनदा म्हटला.

"पुरा हो गया?"

"व्हय अब्बा. पुरा झाला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग त्यांनी विचारलं, "दस्तखत? किसने की?"

"मी," मी म्हटलं. "मी केली अब्बा."

त्यांनी डावा हात उचलला. तो नीट उचलला जात नव्हता, म्हणून मी खाली वाकले, आणि तो माझ्या डोक्यावर येऊन पडला. तिथंच ठेवून त्यांनी जड जिभेनं अम्माला हाक मारली. "अगे, सुनी क्या? छोटी डॉक्टर हो गई."

अम्मा कणकेच्या हातानं दारात आली. सहीच्या त्या दिवशी तांदूळ निवडत तिथंच बसलेली होती ती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या उघड्या पानाकडं बघितलं, मग अब्बांकडं.

"हौ," ती म्हणाली. "मेरेकू कबका मालूम है. तुमकूच देर से समझा."

आणि ती आत गेली, मोरीतला नळ सोडला आणि तो बराच वेळ तसाच वाहत राहिला.